रिंकोनच्या किनाऱ्यावरील लाटा

मुरुड-जंजिऱ्याचा अक्षांश धरून पश्चिमेकडे सरळ रेघ ओढली, तर अरबस्तान, आफ्रिकेचें वाळवंट व अटलांटिक महासागर ओलांडून ती पोर्तो रिको बेटावरून जाते, आणि त्या बेटाच्या अगदीं पश्चिम टोकास तिला रिंकोन नांवाचें लहानसें गांव लागतें. दोन्ही किनाऱ्यांचें तोंड पश्चिमेस, दोन्हींकडे माड. समुद्राचा स्वभाव मात्र अगदीं उलट. कोंकणांत ज्येष्ठ-आषाढांत समुद्र खवळतो आणि मार्गशीर्ष-पौषांत निवळतो. रिंकोनला आषाढांत पाणी बहुधा तळ्यासारखें असतें, आणि पौषांत, निरभ्र आकाशाखालीं, माणसाच्या दुप्पट उंचीच्या लाटा फुटत असतात.

हा विरोध नुसत्या कौतुकाचा नाहीं. त्यापायीं माणसें प्राणास मुकतात. कोंकणचा कोळी आकाश पाहून समुद्राची परीक्षा करतो, आणि ती बहुधा खरी ठरते. कारण पावसाळ्यांत वारा, पाऊस आणि लाट हीं तिन्हीं बरोबरच येतात. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवण्याची रीत याच अनुभवावर उभी आहे. रिंकोनला आलेला पाहुणा हीच कसोटी लावतो. ऊन कोवळें, वारा जमिनीकडून मंद वाहणारा. मग पाण्यांत उतरावयास भीति कसली, असें त्यास वाटतें.

परंतु तेथील लाट तेथील वाऱ्याची नसते. हिवाळ्यांत उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून निघालेलीं वादळें न्यू फाउंडलंडच्या बाजूस सरकत जातात. वारा किती जोराचा, तो किती वेळ वाहिला व किती लांबवरच्या पाण्यावरून वाहिला, यांवर लाटेचा आकार ठरतो. आणि या वादळांत तिन्ही गोष्टींची चंगळ असते. वादळ ईशान्येकडे निघून जातें. त्यानें उठविलेल्या लाटांपैकीं कांहीं मात्र दक्षिणेची वाट धरतात. वाऱ्याच्या तावडींतून सुटल्यावर त्या गोल, नितळ व समांतर होत जातात. पाणी स्वतः प्रवास करीत नाहीं. प्रवास होतो तो शक्तीचा.

या प्रवासांत लाटांची निवड आपोआप होते. जिची दोन शिखरें चौदा सेकंदांच्या अंतरानें येतात अशा लाटांचा समूह खोल समुद्रांत ताशीं सुमारें ४० किलोमीटर वेगानें जातो. आठ सेकंदांच्या लाटांचा जेमतेम २२. म्हणजे २,००० किलोमीटरांवरील वादळांतून एकाच घटकेस निघालेल्या लांब लाटा दोन दिवसांत पोहोंचतात, तर आखूड लाटांना जवळजवळ चार दिवस लागतात. दुसऱ्या महायुद्धांत किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याची वेळ ठरविण्यासाठीं हॅराल्ड स्वेर्ड्रूप व वॉल्टर मंक यांनीं लाटांच्या भाकिताचें गणित बसविलें. पुढें १९६३ सालीं मंक व त्याच्या सहकाऱ्यांनीं दक्षिण गोलार्धांतील वादळांच्या लाटांचा माग थेट अलास्कापर्यंत काढला.

पाहुण्याला फसवितात त्या पुढें आलेल्या याच लांब लाटा. खोल समुद्रांत त्या इतक्या बसक्या असतात कीं डोळ्यांस जाणवत नाहींत. उथळ पाण्यांत त्यांचा वेग मंदावतो, आणि वेग मंदावला कीं उंची वाढते. शिवाय त्या टोळ्यांनीं येतात. एक टोळी फुटून गेल्यावर कित्येक मिनिटें पाणी शांत राहतें, आणि तेवढ्यांत माणूस कमरेइतक्या पाण्यांत जाऊन उभा राहतो. किनाऱ्यावर चढलेलें पाणी परततांना एखाद्या खळग्याची वाट धरतें; तो अरुंद ओघ पट्टीच्या पोहणाऱ्यासही बाहेर ओढून नेतो. त्याच्याशीं समोरासमोर झुंजणारा दमून बुडतो. किनाऱ्यास समांतर पोहत ओघाबाहेर पडणारा बहुधा वांचतो.

वाऱ्याचा भाग निराळाच. या बेटावर वर्षभर पूर्व-ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. कोंकणच्या वाऱ्यांप्रमाणें ते ऋतूबरोबर दिशा पालटीत नाहींत. बेटाच्या मध्यभागीं १,३३८ मीटरपर्यंत चढलेली डोंगरांची रांग आहे, आणि रिंकोन तिच्या पलीकडच्या आडोशास वसलें आहे. उरलासुरला वारा जमिनीवरून समुद्राकडे जातांना येणाऱ्या लाटेच्या तोंडावर आदळतो व तिला क्षणभर उभी धरतो. पूर्व किनाऱ्यावर हाच वारा लाटेच्या पाठीवर बसून तिचा चुराडा करतो. रिंकोनला मात्र उत्तरेकडून आलेली लाट पुंता इग्वेरो या भूशिराला वळसा घालून एका टोकापासून क्रमानें फुटत जाते. दुपारीं जमीन तापून खारा वारा आंत शिरला म्हणजे हें सर्व विसकटतें. म्हणून फळीवर उभें राहून लाटेवरून घसरत जाणारे रसिक पहाटेसच पाण्यांत असतात. १९६८ च्या नोव्हेंबरांत या क्रीडेची जागतिक स्पर्धा येथें भरली व हवाईच्या फ्रेड हेमिंग्जनें ती जिंकली. भूशिराजवळचा लहानसा अणुवीजप्रकल्प त्याच वर्षीं बंद पडला. त्याचा घुमट तेवढा राहिला, आणि शेजारच्या लाटेला त्याचेंच नांव पडलें.

लाटांचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ; दुरून जाणारें चक्रीवादळ नुसत्या लाटा धाडतें, जवळून जाणारें घरें नेतें. २० सप्टेंबर २०१७ रोजीं ‘मारिया’ बेटावरून गेलें, तेव्हां रिंकोनच्या दक्षिणेकडील आधींच झिजत आलेल्या पुळणीचा मोठा भाग खचला. पण पुढच्याच मार्चांत उत्तर अटलांटिकांतील एका दूरच्या वादळाच्या लाटांनीं या बेटाचे किनारे पुन्हां झोडपले. २००८ च्या मार्चांतही कॅरिबियन बेटांना अशाच लाटांनीं गांठलें होतें.

अशा लाटांची सूचना सान हुआन येथील हवामान कार्यालय देतें. बेटाच्या उत्तरेस भर समुद्रांत यांत्रिक तरंडीं नांगरलेलीं आहेत. लाट खालून गेली कीं तिची उंची व दोन शिखरांमधील सेकंद तीं कळवितात. रिंकोनचे जाणते लोक उंचीपेक्षां सेकंदांकडे अधिक पाहतात. आठाचा आंकडा एकाएकीं सोळावर गेला, कीं किनाऱ्यावर पाणी कितीही स्वस्थ दिसत असलें तरी ते मुलांना वर बोलावून घेतात.