जांभ्या जमिनीतील लोह आणि पिकाचे स्फुरद

रत्नागिरी जिल्ह्यातील तांबडी जमीन पाहून अनेकांचा असा समज होतो की, जिच्यात एवढे लोह आहे ती जमीन कसदार असलीच पाहिजे. वस्तुस्थिती निराळी आहे.

ही जमीन मुख्यतः काळ्या कातळाच्या, म्हणजे बेसाल्ट खडकाच्या, झिजेतून निर्माण झाली. मुसळधार पावसाने खडकातील चुना, पालाश आणि पुष्कळशी सिलिका विरघळून वाहून गेली. लोह, ॲल्युमिनियम व टिटॅनियम ही द्रव्ये सहजी विरघळत नाहीत. म्हणून ती मागे राहिली. लोहाची हेमॅटाइट व गोएथाइट ही खनिजे बनली. पहिल्याने मातीस लाल रंग येतो, दुसऱ्याने पिवळसर तपकिरी. टिटॅनियम इल्मेनाइट या काळ्या, जड खनिजात आढळते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत हेच खनिज विपुल आहे.

इल्मेनाइट पिकाच्या दृष्टीने निरुपद्रवी होय. लोहाचे तसे नाही. सुपरफॉस्फेट शेतभर फोकून दिले असता त्यातील स्फुरद लोहाच्या व ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म कणांना चिकटून बसते आणि मुळांना फारच थोडे मिळते. शेतकऱ्याचा पैसा जमिनीत अडकून पडतो. भातखाचरात पाणी साचून राहिले म्हणजे हवेअभावी लोहाचे रूप पालटते व अडकलेले स्फुरद काही अंशी मोकळे होते. वरकस जमिनीवरील नाचणी व वरी यांना हा लाभ मिळत नाही.

यावर उपाय आहेत. सुपरफॉस्फेट फोकून न देता ओळीत, मुळांजवळ द्यावे. त्यामुळे खताचा मातीशी संपर्क कमी येतो. ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात किंवा कंपोस्टात मिसळून दिल्यास अधिक उत्तम, कारण सेंद्रिय द्रव्ये लोहाच्या कणांवरील जागा व्यापतात. पालापाचोळा जाळून टाकू नये; त्याचे कंपोस्ट करावे. जमीन फार आम्ल असेल तर चुना उपयोगी पडतो. परंतु माती तपासल्यावाचून तो घालू नये.

ग्रामसेवकांनी नाचणीच्या एकाच शेतात शेजारी शेजारी दोन वाफे करून पाहावे. सुपरफॉस्फेट दोन्हींत सारखेच घ्यावे. एकात ते फोकावे, दुसऱ्यात शेणखतासह ओळीत द्यावे. कापणीच्या वेळी दोन्हींचे धान्य शेतकऱ्यांसमक्ष वेगवेगळे मोजावे. शंभर व्याख्यानांनी जे पटणार नाही, ते त्या मापाने पटेल.