उरलेल्या पट्टीचं प्रयोजन

अ‍ॅरिस्टॉटल कोणत्याही वस्तूविषयी चार प्रश्न विचारतो: ती कशाची बनली, तिचा आकार कोणता, ती कोणी घडवली आणि ती कशासाठी आहे. आज हा चौथा प्रश्न, म्हणजे प्रयोजनाचा, आपण एका रिव्हॉल्व्हरला विचारू.

दुसऱ्या महायुद्धानंतरचं स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर घ्या. बाजूचं झाकण उघडलं की घोडा, चाप, स्प्रिंगा दिसतात. हे भाग ओळखू येतात, कारण त्यांचं काम डोळ्यांना दिसतं. पण सोबत एक पातळ, वाकवलेली, लांबट खाच असलेली पोलादी पट्टीही हाती येते. ही कशाची? गंमत अशी, की ती न बसवता झाकण लावलं तरी चाप ओढला जातो, घोडा पडतो, गोळीही सुटते. मग माणूस म्हणतो, ‘जादाचा भाग दिसतोय!’

इथेच घोटाळा होतो, बरं का. १९४४ साली अमेरिकी नौदलाच्या जहाजावर या कंपनीचं भरलेलं रिव्हॉल्व्हर पोलादी डेकवर पडलं. कोणी चाप ओढला नव्हता, तरी गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्या रिव्हॉल्व्हरमधला अडसर स्वतःच्या स्प्रिंगवर विसंबून होता. कंपनीने तो बदलला आणि यंत्रणेबरोबरच सरकणारी ही पट्टी आणली. चाप मोकळा असताना ती घोडा आणि सांगाडा यांच्यामध्ये उभी असते. चाप ओढला की खाली सरकते.

आता रुगर कंपनीची १९७३ नंतरची सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरं पाहा. तिथेही एक सपाट पट्टी आहे, पण काम नेमकं उलटं. चाप ओढल्यावर ती वर येते आणि घोड्याचा ठोका फायरिंग पिनपर्यंत पोचवते. ती नसेल तर गोळी सुटतच नाही. एक पट्टी ठोका अडवते, दुसरी पोचवते. म्हणजे नुसत्या आकारावरून भाग ओळखता येत नाही. तो कोणाबरोबर हलतो, चाप मोकळा असताना कुठे असतो आणि ओढल्यावर कुठे जातो, हे पाहावं लागतं.

फ्यूजच्या जागी जाड तार घातली तरी घरातले दिवे लागतातच. म्हणून फ्यूज निरुपयोगी ठरत नाही. ‘हा भाग काय करतो?’ याचं उत्तर मिळालं नाही, तर ‘हा काय होऊ देत नाही?’ असं विचारा. आणि याचंही उत्तर मिळेपर्यंत तो भाग फेकू नका.