मते मागणारा न्यायाधीश

आपल्याकडे न्यायाधीशांची नावे कॉलेजियम सुचवते आणि ती बंद दाराआड ठरतात, अशी तक्रार नेहमीची आहे. मग लोकांनीच न्यायाधीश निवडला तर? अमेरिकेच्या अनेक राज्यांत तसेच होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा उमेदवार देणग्या घेतो, जाहिराती करतो, मते मागतो.

ह्यू केपर्टन यांची छोटी कोळसा कंपनी बुडाली. मॅसी या बड्या कंपनीने फसवणूक केल्याचे वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या ज्युरीने मान्य केले आणि २००२ मध्ये ५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे उघड होते. २००४ मध्ये त्याच न्यायालयाची एक जागा निवडणुकीला आली. मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन यांना निवडून आणण्यासाठी सुमारे ३० लाख डॉलर ओतले. त्यातला बराचसा पैसा ‘मुलांच्या भल्यासाठी’ अशा अर्थाचे नाव असलेल्या संघटनेमार्फत गेला. कोळशाच्या दाव्यात मुले कुठून आली, हे विचारायचे नाही!

बेंजामिन जिंकले. अपील आले तेव्हा केपर्टन यांनी त्यांना बाजूला होण्याची विनंती केली, ती त्यांनी नाकारली. भरपाई ३ विरुद्ध २ मतांनी रद्द झाली, आणि तिघांत बेंजामिन होते. २००९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले की, त्यांनी या खटल्यात बसायलाच नको होते. ते पक्षपाती होते, असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. फेरसुनावणीत बेंजामिन नव्हते, तरी केपर्टन पुन्हा हरलेच.

म्हणून आम्ही बेंजामिन यांना बेइमान म्हणणार नाही. पण पहिल्या निकालानंतर घरी जाताना केपर्टन यांना इन्साफ झाला असे वाटले असेल का? हरणाऱ्यालाही काझीचा भरवसा वाटावा लागतो, आणि तो ३० लाखांत गेला.

पुढे रकमा वाढतच गेल्या. एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात एका जागेसाठी दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाले. इलॉन मस्क व त्यांच्याशी संबंधित गटांनी ब्रॅड शिमेल यांच्यासाठी २ कोटींहून अधिक खर्चले. मस्क यांच्या टेस्ला कंपनीने त्याच वर्षी जानेवारीत मोटारविक्रीच्या परवान्यावरून त्या राज्याविरुद्ध दावा लावला होता. शिमेल हरले. सुसान क्रॉफर्ड जिंकल्या, आणि धनाढ्यांच्या देणग्या त्यांच्याही बाजूला होत्या. त्यांची मुदत दहा वर्षांची आहे.