पाण्याच्या फिल्टरसाठी सील निवडताना

अहिल्यानगरलगतच्या केडगावसारख्या बेसॉल्ट खडकाच्या पट्ट्यात विंधन विहिरीचे पाणी बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असलेले असते, आणि हे क्षार सीलच्या खाचेत साचून गळती सुरू करू शकतात; म्हणून कारखान्याने किमतीआधी पाण्याचा तपासणी अहवाल पाहावा, हेच योग्य. क्लोरिनयुक्त किंवा गरम पाण्यात ईपीडीएम हे कृत्रिम रबर नायट्राइल रबरापेक्षा अधिक टिकते, मात्र खनिज तेलाने ते फुगते, त्यामुळे त्याच्या ओ-रिंगला, म्हणजे दोन भागांतील फट बंद करणाऱ्या गोल कड्याला, साधे ग्रीस कधीही लावू नये, सिलिकॉन ग्रीसच वापरावे. दाबाने चपटे झालेले, मूळ गोलाईत न परतणारे कडे पुन्हा बसवू नये.