लॅपटॉप भंगारात देण्याआधी : हलक्या लिनक्सविषयीचे सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून आणखी एक वर्ष सुरक्षेची अपडेट्स घेण्याची सवलत तेवढी दिली. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ही पिढी २०१७ मध्ये आली. त्याआधीचे बहुतेक लॅपटॉप अधिकृतपणे बाद ठरले, मग ते चालू स्थितीत का असेनात.

खानदेशात ही गोष्ट अनेक घरांना लागू आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या कॉलेजांत मोठ्या भावाचा किंवा सेकंडहँड लॅपटॉप वापरणारी मुलं आहेत. धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या, त्यालाही आता बरीच वर्षं होत आली. अशा यंत्रांना विंडोज ७ कडे परत नेण्याचा सल्ला अजून दिला जातो. तो धोक्याचा आहे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि क्रोम ब्राउझरची तिथं चालणारी शेवटची आवृत्ती १०९ होती. बँकेचं काम अशा यंत्रावर करू नये.

लिनक्स हा खरा पर्याय आहे. पण ‘सगळ्यात हलकं लिनक्स कोणतं?’ या प्रश्नापासून सुरुवात केली की निवड चुकते. आपला लॅपटॉप नेमका कशानं अडतो, हे आधी शोधायचं.

गैरसमज १ : सगळ्यात हलकं लिनक्स टाकलं की लॅपटॉप नव्यासारखा पळेल.

वस्तुस्थिती : लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांत गाभा एकच असतो. वजनाचा मुख्य फरक पडतो तो डेस्कटॉपमुळे, म्हणजे मेन्यू, खिडक्या आणि पट्ट्या दाखवणाऱ्या भागामुळे. नुसता सुरू केल्यावर अँटीएक्स अगदी थोडी रॅम घेतं, एलएक्सक्यूटी वापरणारं लुबुंटू त्याहून जास्त, आणि एक्सएफसीई डेस्कटॉपचं लिनक्स मिंट एक जीबीच्या आसपास जातं. पण ब्राउझर उघडून पाच-सहा टॅब लावले की त्यांनाच एक-दोन जीबी लागू शकते. बैलगाडी कितीही हलकी केली तरी तिच्यावर लादलेल्या केळीच्या घडांचं वजन कमी होत नाही.

म्हणून ४ जीबी रॅम असेल तर हलकेपणाच्या मागे फार धावू नका. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. तिला किमान २ जीबी चालते आणि आरामात कामाला ४ जीबी सुचवलेली आहे. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. लुबुंटू २४.०४ ला ती एप्रिल २०२७ पर्यंतच. कुठलंही वितरण निवडताना ही तारीख आधी बघावी. रॅम २ जीबी असेल तेव्हाच लुबुंटू किंवा अँटीएक्सकडे वळा, आणि टॅब मोजके ठेवा. फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन बसवलं तर पानं हलकी होतात. झेडरॅम ही सोय रॅममधलाच मजकूर दाबून ठेवते, त्यामुळे कमी रॅमच्या यंत्राचा श्वास थोडा मोकळा होतो.

गैरसमज २ : लॅपटॉप मंद आहे म्हणजे प्रोसेसर म्हातारा झाला.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा दोष हार्ड डिस्कचा असतो. जुन्या लॅपटॉपमधली डिस्क साधारणपणे मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, आणि विखुरलेल्या फायली वाचताना तिचं डोकं पुढं-मागं सरकत राहतं. विंडोज चालू असतानाच टास्क मॅनेजर उघडा. काही विशेष न करताही डिस्कसमोर ९०-१०० टक्के दिसत असेल, तर रोग सापडला.

इलाज एसएसडी. जुन्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते आणि त्याच जागी तेवढ्याच आकाराची एसएसडी बसते. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या संगणक-दुकानांत हे काम होण्यासारखं आहे. जुनी डिस्क बाहेरचं कव्हर लावून बॅकअपसाठी वापरता येते. एसएसडीवरचं मिंट हे जुन्या डिस्कवरच्या सगळ्यात हलक्या लिनक्सपेक्षा लवकर सुरू होतं, आणि रोज वापरायलाही सुखाचं जातं. पैसे एकाच गोष्टीला असतील, तर डिस्क आधी, रॅम नंतर. रॅम २ जीबीच असेल तर मात्र दोन्हींचा विचार करावा.

गैरसमज ३ : उन्हाळ्यात लॅपटॉप मंदावतो, तोही विंडोजचाच दोष.

वस्तुस्थिती : मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो, आणि त्यातूनही तापत राहिला तर लॅपटॉप बंद पडतो. खोलीच तापलेली असेल तर पंखा आत गरमच हवा ओढतो. त्यात वर्षानुवर्षांची धूळ, जिनिंगच्या गावांत कापसाचे तंतू, आणि प्रोसेसरवरची वाळून गेलेली थर्मल पेस्ट. यातलं काहीही लिनक्स टाकून जात नाही.

दुपारी मंद आणि पहाटे बरा चालणारा लॅपटॉप आधी उघडून साफ करून घ्या, पेस्ट बदलून घ्या. गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. हलका डेस्कटॉप प्रोसेसरला कमी राबवतो, त्यामुळे साफसफाईनंतर त्याचा फायदा नक्की दिसतो.

गैरसमज ४ : ३२ बिट विंडोज आहे, म्हणजे लॅपटॉपच ३२ बिटचा.

वस्तुस्थिती : अनेक ६४ बिट लॅपटॉपांवर कमी रॅममुळे ३२ बिट विंडोज टाकलेलं असतं. सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानावर ‘सिस्टीम टाइप’ वाचा. तिथं ‘एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असं लिहिलेलं असेल तर ६४ बिट लिनक्स बिनधास्त चालेल. इंटेलचा २००६ मधला कोअर टू ड्युओसुद्धा ६४ बिटचा आहे.

खरोखर ३२ बिटचे म्हणजे २००८ च्या सुमाराचे अ‍ॅटम एन२७० वाले छोटे नेटबुक, किंवा त्याहून जुनी यंत्रं. त्यांची वाट अरुंद होत चालली आहे. उबुंटूनं २०१७ मध्येच ३२ बिट डेस्कटॉपच्या इन्स्टॉल-फायली देणं थांबवलं. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्येही ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. क्रोमनं ३२ बिट लिनक्स २०१६ मध्ये सोडलं. अशा यंत्रावर डेबियन १२ वर आधारलेलं अँटीएक्स २३ चालतं, पण आजच्या वेबसाइट्सची अपेक्षा त्याच्याकडून धरू नये. लिहिणं, पीडीएफ वाचणं, गाणी ऐकणं, लहान मुलाला टायपिंग शिकवणं, एवढं ते नीट करेल.

गैरसमज ५ : लिनक्सवर मराठी धड चालत नाही.

वस्तुस्थिती : युनिकोड मराठी लिनक्सवर व्यवस्थित दिसते आणि लिहिता येते. लोहित आणि नोटो हे मोफत देवनागरी फॉन्ट आहेत. इनस्क्रिप्ट कळफलक तयारच मिळतो. इंग्रजी अक्षरांवरून मराठी टाइप करायची सवय असेल तर आयबस या टायपिंगच्या सोयीसोबत एम१७एन हा संच बसवा. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स यांचे मेन्यूही मराठीत करून घेता येतात. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेनं भारतीय भाषांना जागा देणारं ‘बॉस’ हे लिनक्स याच गरजेतून तयार केलं.

अडचण येते दोन ठिकाणी. मंगल हा फॉन्ट विंडोजचा. तो नसला की दुसरा फॉन्ट लागतो आणि अर्जाच्या ओळी खाली-वर सरकतात, म्हणून फाइल पाठवताना पीडीएफ करून पाठवा. दुसरी अडचण शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टची. त्यातला मजकूर फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांसारखा दिसतो. तो एकदा युनिकोडमध्ये बदलून ठेवला की कायमची काळजी मिटते.

गैरसमज ६ : विंडोजवरचं सगळं काम लिनक्सवर तसंच होईल.

वस्तुस्थिती : हा गैरसमज लिनक्सच्या चाहत्यांचा, आणि नुकसान करणारा. टॅली विंडोजसाठीच बनतं. छापखान्यात आणि डीटीपीच्या दुकानात लागणारं श्रीलिपीही विंडोजवरचंच. अंगठा घेणाऱ्या यंत्रांची आधार-पडताळणीची सॉफ्टवेअरं प्रामुख्यानं विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असतात. झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर चालवायला किचकट आहे. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांना मात्र एचपीएलआयपी या ड्रायव्हर-संचामुळे फारसा त्रास होत नाही.

म्हणून सराफाच्या, डाळ मिलच्या किंवा आडतीच्या हिशेबाचा संगणक असेल तर घाईनं लिनक्सवर नेऊ नका. याउलट महाडीबीटीचा अर्ज, डिजिटल सातबारा, रेल्वे तिकीट, व्हॉट्सअ‍ॅप वेब ही कामं ब्राउझरमध्ये होतात. सी, पायथन किंवा जावा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तर लिनक्स सोयीचंच पडतं. आपली रोजची कामं कागदावर लिहा, आणि प्रत्येकापुढे ‘ब्राउझर’ की ‘विंडोजचं सॉफ्टवेअर’ हे नोंदवा. निर्णय त्या यादीतूनच निघेल.

गैरसमज ७ : लिनक्स म्हणजे काळा पडदा, आणि टाकताना सगळा डेटा जातो.

वस्तुस्थिती : मिंटमध्ये मेन्यू डाव्या कोपऱ्यात आहे, सॉफ्टवेअर बसवायला दुकानासारखी यादी आहे, अपडेट एका बटणावर होतात. आज्ञा टाइप करण्याची वेळ क्वचित येते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतही आहेत.

आणि टाकण्याआधी चाखून बघता येतं. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, मिंटच्या अधिकृत साइटवरून फाइल उतरवा, ती रुफस या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्हवर चढवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. या लाइव्ह मोडमध्ये डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड आणि झाकण लावल्यावर झोपणं, एवढं तपासा. पेनड्राइव्हवरून यंत्र मंदच चालतं, तेव्हा वेगाचा निकाल इथं लावू नका. वाय-फाय दिसलं नाही तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून हवा तो ड्रायव्हर घ्या. ब्रॉडकॉमच्या काही चिपना हे करावं लागतं. प्रत्यक्ष बसवताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला तर सगळं जातं, म्हणून फोटो आणि कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवून घ्या. विंडोज शेजारी ठेवून दोन्ही चालवण्याचाही पर्याय असतो.

मग निवड अशी करा

आधी डिस्क, उष्णता आणि रॅम तपासा. ४ जीबी किंवा जास्त रॅम आणि ६४ बिट प्रोसेसर असेल तर मिंट एक्सएफसीई, शक्यतो एसएसडीवर. २ जीबी असेल तर लुबुंटू किंवा अँटीएक्स. ३२ बिट यंत्र असेल तर अँटीएक्स, आणि अपेक्षा माफक. टॅली किंवा अंगठ्याचं यंत्र लागत असेल तर आधार असलेलं विंडोज. बॅटरी फुगलेली असेल किंवा डिस्क कुरकुरत असेल तर आधी तो भाग बदला, सॉफ्टवेअरचा विचार नंतर.

नवा लॅपटॉप म्हणजे कित्येक घरांना एका हंगामाच्या हिशेबातून काढायची रक्कम असते. जुन्या यंत्रात तीन-चार वर्षांचं आयुष्य शिल्लक असताना ती खर्च होऊ नये. बारावी झालेल्या मुलीला प्रोग्रॅमिंग शिकायला आणि गावातल्या शाळेला धडे दाखवायला दहा वर्षांचा लॅपटॉप पुरतो, तपासून निवड केली तर.