अंदमानच्या सुताराचे डोके का दुखत नाही?

अंदमान बेटांवरील सदाहरित अरण्यात ठक्, ठक्, ठक् असा आवाज दूरवर ऐकू येतो. हा कोणी लाकूडतोड्या नव्हे. हा आहे अंदमानी सुतार पक्षी. त्याची लांबी सुमारे 38 सेंमी. सर्वांग काळे आणि डोक्यावर तांबडा तुरा. नराच्या कपाळावर आणि गालावरही तांबडा रंग असतो, मादीला मात्र तो फक्त डोक्याच्या मागच्या भागात असतो.

एडवर्ड ब्लाइथ या पक्षिशास्त्रज्ञाने 1860 मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. अंदमान सोडून हा पक्षी जगात कोठेही आढळत नाही. दक्षिणेकडील निकोबार बेटांवरही तो नाही. आपल्या सह्याद्रीतील पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार हा त्याचा जवळचा नातलग. पण अंदमानी सुताराचे पोटही काळेच असते.

असे का झाले असावे? सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. तेव्हा उथळ खाड्या कोरड्या पडून अंदमानची मुख्य बेटे एकमेकांस जोडली गेली. पण मुख्य भूमीपासून मात्र खोल समुद्राने ती वेगळीच ठेवली. अशा एकांतात येथील सुताराची स्वतंत्र जात बनली.

हातोडा की गादी?

आता त्या ठकठकीकडे वळू. एवढे आघात सोसूनही सुताराच्या मेंदूला इजा का होत नाही? पुष्कळ वर्षे असे सांगितले जाई, की त्याच्या कवटीतील स्पंजासारखे हाड गादीप्रमाणे धक्का शोषून घेते.

पण थोडा विचार करा. खिळा ठोकताना हातोड्याला कोणी रबर बांधतो काय? धक्का डोक्यातच शोषला गेला, तर लाकडाला भोक कसे पडणार?

2022 मध्ये काही शास्त्रज्ञांनी तीन जातींच्या सुतार पक्ष्यांचे अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले. त्यांपैकी दोन जाती अंदमानी सुताराच्याच, म्हणजे ड्रायोकोपस या प्रजातीतील होत्या. चोच लाकडावर आदळताच चोचीचा वेग ज्या दराने घटतो, त्याच दराने कवटीचाही घटतो, असे दिसून आले. म्हणजे मध्ये गादी नाही. डोके हा एक कठीण, अखंड हातोडाच आहे! हा मंदनाचा दर 400 g पर्यंत, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या 400 पट असू शकतो.

उत्तर आकारात आहे

मग मेंदू वाचतो कसा? द्रवस्तंभाच्या तळाशी असलेला दाब = उंची × घनता × g, हे सूत्र तुम्ही शिकला आहात. मेंदू हा बव्हंशी पाण्यासारखाच. आघाताच्या वेळी g ऐवजी 400 g घ्या. मेंदूची लांबी 3 सेंमी धरली, तर त्याच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक 0.03 × 400 = 12 मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका होतो. माणसाचा मेंदू 15 सेंमी धरा : तोच आघात, पण दाब 60 मीटर पाण्याइतका, म्हणजे पाचपट! शास्त्रज्ञांनी संगणकावर केलेल्या हिशेबातही सुताराच्या मेंदूवरील दाब धोक्याच्या मर्यादेखालीच राहतो, असे आढळले. त्याला वाचवते ते मेंदूचे लहानपण.

लाकूड हवे

ही सारी ठकठक अळ्या, मुंग्या मिळवण्यासाठी आणि घरट्याची ढोली कोरण्यासाठी. त्यासाठी मोठी, जुनी, वाळलेली झाडे लागतात. चॅटम बेटावर 1883 मध्ये लाकूड कापण्याची गिरणी सुरू झाली आणि अंदमानचे पादौकसारखे वृक्ष मोठ्या प्रमाणावर तोडले गेले. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील वृक्षतोडीवर कडक निर्बंध घातले. इतर पक्षी एका प्रदेशातील अरण्य गेले, तर दुसरीकडे तग धरतात. या सुताराला दुसरा प्रदेशच नाही. म्हणून अंदमानातील वठलेले झाडही निरुपयोगी समजू नये.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. एका लहान सुतार पक्ष्याचा मेंदू 2 सेंमी लांब आहे. त्यावर 12 मीटर पाण्याइतकाच दाब येण्यासाठी मंदन किती g असावे लागेल? (उत्तर : 600 g)