एका नर्सच्या औषधाचा दहा वर्षांचा खर्च

ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा नियमावलीत 4005 आणि 4007 अशी दोन कलमं आहेत. घरात कुणाला मोठं दुखणं असेल, तर कायमच्या व्हिसाचं, म्हणजे पीआरचं, काय होणार हे आपल्याला यातलं कुठलं कलम लागू आहे त्यावर ठरतं. आरोग्याची अट दोन्हीकडे तीच. पण 4007 मध्ये अट पुरी झाली नाही तरी सवलत मागता येते, 4005 मध्ये मागताच येत नाही. गुणांवर मिळणाऱ्या 189 व्हिसाला 4005 लागतं. नोकरी देणाऱ्याच्या नॉमिनेशनवरच्या 186 व्हिसातही फरक आहे. टेम्पररी व्हिसावर नोकरी करून पुढे आलेल्यांना 4007, तर थेट अर्ज करणाऱ्यांना 4005. काम तेच, आजार तोच, आणि तरी एकाला दार उघडं नि दुसऱ्याला बंद!

मेलबर्नमध्ये एका नोंदणीकृत मायग्रेशन एजंटच्या ऑफिसात मी या सवलतीच्या फाइली जुळवते. त्यातली एक फाइल एका मराठी नर्सची. व्हिक्टोरियातल्या लहानशा गावात, वृद्धांच्या निवासात ती काम करते. इथे आल्यावर तिला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं निघालं. दर सहा महिन्यांनी सलाइनमधून औषध घ्यायचं, बाकी रोजची ड्यूटी चालू. चालण्या-बोलण्यात कसलाच फरक नाही.

पीआरच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे गेला. तिथे हिशेब तिचा होत नाही, तोच आजार आणि तीच तीव्रता असलेल्या एका काल्पनिक माणसाचा होतो. त्याला किती सार्वजनिक पैसा लागेल, तो मर्यादेत बसतो का, एवढंच पाहायचं. ती कर भरते, नवरा कमावतो, आम्ही खाजगी विमा काढू, औषधाचे पैसे आम्हीच देऊ, यातलं काहीही तिथे चालत नाही. मर्यादा जुलै 2024 मध्ये 51,000 डॉलरवरून 86,000 झाली, ही वाढ मोठीच. पण कायमच्या आजाराचा खर्च दहा वर्षांपर्यंत धरतात. म्हणजे वर्षाला 8,600 डॉलर. तिचं औषध त्याच्या कितीतरी पुढे जातं.

शिवाय एक नापास तर सगळं घर नापास. नवरा आणि मुलगा ठणठणीत असूनही त्यांचे अर्ज तिच्याबरोबरच अडले. उलट बाजूनंही लोक विचारतात, "आजारी मुलाला आजीकडे पुण्याला ठेवलं तर?" पण बरोबर न येणाऱ्या अवलंबित मुलाचीही तपासणी साधारणपणे द्यावीच लागते.

मग व्हिसा देणाऱ्या सरकारी विभागाचं पत्र येतं, उत्तराला साधारण 28 दिवस. इथे घाबरून बरीच मंडळी खर्चाच्या आकड्याशी भांडत बसतात. वैद्यकीय अधिकाऱ्याचं मत व्हिसा अधिकाऱ्यावर बंधनकारक असतं, त्याला ते बदलता येत नाही. आकडा खाली आणायचा तर तज्ज्ञाचा नवा अहवाल लागतो आणि नवं वैद्यकीय मत मिळवावं लागतं. नाहीतर सरळ सवलतीकडे वळावं. तिथे प्रश्नच बदलतो. हा खर्च देशावर अवाजवी ठरेल का? आता मात्र माणूस खरा असतो, आणि पहिल्या दारात जे चाललं नाही ते सगळं इथे मोजलं जातं.

आमचं बरंचसं काम पत्रं दुरुस्त करून घेण्याचं. तिच्या मॅनेजरनं आधी लिहिलं होतं, ती मेहनती आणि प्रेमळ आहे. खरंच होतं, पण उपयोग शून्य. त्यांना पुन्हा लिहायला लावलं. ही जागा भरण्यासाठी जाहिरात किती महिने दिली? रात्रपाळीला रजिस्टर्ड नर्स म्हणून दुसरं कोण आहे? डिमेन्शियाच्या विभागात ती नसेल त्या रात्री काय करता? दुसरं पत्र दोन पानी आलं, रोस्टरसकट. न्यूरॉलॉजिस्टनं एमआरआयच्या तारखा देऊन लिहिलं की मेंदूत नवे डाग नाहीत, पूर्णवेळ काम जमतं. सोबत कर भरल्याच्या पावत्या, मुलाच्या शाळेचं पत्र. सवलत मंजूर झाली.

मला आनंद झाला आणि रागही आला. आजारी माणसानं राहायचं तर आपली उपयुक्तता रोस्टरनं सिद्ध करायची, हे मला मान्य नाही. 2008 मध्ये याच राज्यात, हॉर्शम गावात, एका जर्मन डॉक्टरच्या कुटुंबाला मुलाच्या डाऊन सिंड्रोममुळे पीआर नाकारला गेला. गावाला डॉक्टरची गरज होती, गाव त्यांच्या पाठीशी उभं राहिलं, देशभर ओरड झाली आणि मंत्री ख्रिस इव्हान्स यांनी हस्तक्षेप करून तो दिला. संसदीय समितीनं चौकशी केली, 2010 मध्ये अहवाल आला. अपंगत्वावरून भेदभाव करू नये हा इथला 1992चा कायदा मात्र अजूनही स्थलांतराच्या नियमांना लागू नाही. ज्याच्या मागे गाव नसतं, त्यानं काय करायचं?

नियम बदलेपर्यंत एवढं करा. घरात कुणाला दीर्घ आजार किंवा अपंगत्व असेल, तर अर्ज भरण्याआधी आपल्या व्हिसाला 4005 आहे की 4007, हे लेखी विचारून घ्या. मुंबई-पुण्याच्या तपासणीत आजार लपवू नका. चुकीची माहिती उघड झाली तर आजारापेक्षा तीच जड जाते. आणि पत्रं आजपासूनच गोळा करा, 28 दिवस पुरत नाहीत.